मांजर आजारी पडले तर: लक्षणे, डॉक्टरांचे उपचार आणि घरच्यांची जबाबदारी

आपल्या घरांत कुत्रा क्वचितच असतो, मांजर मात्र हमखास असते. दस्तरखानाभोवती घुटमळते, मुलांच्या गोधडीत झोपते, कुणी त्याला हाकलत नाही. मांजर कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्यामुळे खायला घालण्यात आपण कमी पडत नाही. कमी पडतो ते त्याच्या आजारपणात. मांजर दुखणे लपवते, आणि आपल्या लक्षात येईपर्यंत दोन-तीन दिवस निघून गेलेले असतात. म्हणून नेहमी दिसणारे आजार, त्यावर डॉक्टर काय करतात आणि कधी थांबून चालत नाही, हे इथे एकत्र देत आहोत.

बोक्याची लघवी अडकणे

आमच्याच घरातला बोका एकदा दिवसभर रेतीच्या डब्यात जाऊन जोर करत होता. पोट साफ होत नसेल असे समजून आम्ही त्याला दूध पाजले. दुसऱ्या दिवशी तो निपचित पडला, तेव्हा डॉक्टरांकडे धावलो. त्याची लघवी अडकली होती.

बोक्याची मूत्रनळी अरुंद असते. त्यात खडे किंवा चिकट घाण अडकते. तो सारखा डब्यात बसतो, ओरडतो, मागचा भाग चाटत राहतो, पण लघवी थेंबभरच होते किंवा होतच नाही. रक्तातले पोटॅशियम वाढते आणि हृदय बंद पडते. हे सगळे 24 ते 48 तासांत होऊ शकते. डॉक्टर गुंगी देऊन बारीक नळी घालतात, मूत्राशय मोकळे करतात, सलाईन लावतात आणि काही दिवस लक्ष ठेवतात. पुन्हा अडकू नये म्हणून भरपूर पाणी आणि ओले खाणे द्यायला सांगतात. नुसत्या कोरड्या दाण्यांवर राहणाऱ्या बोक्याकडे जास्त लक्ष द्या.

घरातली गोळी

ताप वाटला, लंगडताना दिसले की काही जण पॅरासिटामॉलचा तुकडा दुधात घालून देतात. असे कधीच करू नका. माणसाचे यकृत हे औषध ज्या पद्धतीने निकामी करते, ती सोय मांजराच्या यकृतात जवळजवळ नाहीच. 500 मिलिग्रॅमची एक गोळी मोठ्या मांजराचा जीव घेऊ शकते. हिरड्या तपकिरी किंवा निळसर पडतात, तोंड सुजते, धाप लागते. चुकून गोळी दिली गेली असेल तर लक्षणांची वाट बघू नका. यावर उतारा आहे, पण तो लवकर मिळायला हवा. कोणती गोळी, किती आणि कधी दिली ते डॉक्टरांना खरे सांगा, लाजू नका.

आयबुप्रोफेनही असेच घातक आहे. कुत्र्यांसाठी मिळणारे पर्मेथ्रिनचे पिसवांचे औषधही मांजराला लावू नका.

पिल्लांचे उलटी-जुलाब

पिल्लू खाणे सोडते, पिवळी उलटी करते, पातळ जुलाब होतात, पाण्याच्या भांड्यावर मान टाकून बसते पण पीत नाही. हा पॅनल्यूकोपेनिया असू शकतो. हा विषाणू रक्तातल्या पांढऱ्या पेशी संपवतो. विषाणू मारणारे खात्रीचे औषध नाही. डॉक्टर सलाईन, उलटीचे इंजेक्शन आणि दुसरा संसर्ग होऊ नये म्हणून अँटिबायोटिक देऊन पिल्लाला तगवतात. उपचार न मिळाल्यास बहुतेक पिल्ले दगावतात. माणसाला हा आजार होत नाही, पण घरात विषाणू महिनोन्‌महिने टिकतो. म्हणून एक पिल्लू गेल्यावर मुलांच्या हट्टापायी लगेच लस न दिलेले दुसरे आणू नका.

लस मात्र चांगली आहे. सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पहिला डोस, मग चार महिन्यांचे होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुढचे डोस. याच लशीत सर्दी आणि तोंडातल्या फोडांच्या विषाणूंपासूनही संरक्षण असते. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर वेगळी द्यावी लागते.

जंत, पिसवा, नायटा, गळू

पोट फुगलेले आणि अंग वाळलेले पिल्लू बहुधा जंतांनी त्रस्त असते. वजन बघून डॉक्टर औषध देतात. मोठ्या मांजराला साधारण दर तीन महिन्यांनी. पिसवा रक्त पितात, लहान पिल्लाला त्यामुळे पंडुरोग होतो. केस गोल गोल गळत असतील आणि मुलांच्या अंगावरही तसेच चट्टे उठले असतील, तर तो नायटा. मांजर आणि मुले, दोघांचा उपचार एकाच वेळी करा आणि औषध मध्येच सोडू नका. भांडून आलेल्या बोक्याची जखम वरून मिटते, आत पू होतो. डॉक्टर ती उघडून साफ करतात. घरी हळद भरून भागत नाही.

घरातल्या माणसांसाठी

मांजर चावले किंवा ओरबाडले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुवा. चुना, मिरची काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा आणि सांगितलेल्या सगळ्या लशी पूर्ण करा. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

घरात बाई गरोदर असेल तर मांजर हाकलायची गरज नाही. टॉक्सोप्लाझ्माच्या संसर्गाची भीती विष्ठेतून असते, आणि ती विष्ठा साधारण एक दिवस उलटल्यावर संसर्गजन्य होते. रेतीचा डबा दुसऱ्या कुणीतरी रोज साफ करावा. हाच संसर्ग कच्च्या मांसातूनही होतो, म्हणून बकरी ईदला मांस हाताळल्यावर हात नीट धुवावेत. त्या दिवसांत मांजराला चरबी आणि शिजवलेली हाडेही टाकू नका.

कुठे न्यायचे

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गायी-बकऱ्यांसोबत मांजरही दाखवता येते. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे. परळ, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ इथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत.

लघवी बंद, धाप, झटके, विषारी काही खाल्ल्याचा संशय: यात रात्र काढू नका. आणि दुसरे काही दिसत नसले, तरी मोठ्या मांजराने पूर्ण एक दिवस काही खाल्ले नाही तर डॉक्टरांना दाखवा. उपाशी मांजराचे यकृत काही दिवसांतच बिघडू लागते. पिल्लाच्या बाबतीत तर एवढाही वेळ नसतो.