हेन्री, लेफ्टनंट जे. डब्ल्यू.

अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक. ४ ऑक्टोबर १८५७ रोजी नांदूर शिंगोटे (ता. सिन्नर) येथे भागोजी नाईक यांच्या भिल्लांशी झालेल्या चकमकीत ठार झाले.

मुंबई इलाख्यात १८५३ मध्ये पोलिसांची फेररचना झाली आणि जिल्ह्याजिल्ह्याला अधीक्षक आला. जिल्हे अवाढव्य होते : वसई ठाण्यात, तर नाशिकचा मुलूख अहमदनगरात. घाटावर रेल्वे पोचली नव्हती. अधीक्षकाची फिरती घोड्यावरूनच चाले.

हेन्रींसमोर उभा ठाकलेला माणूस पोलिसांना परका नव्हता. भागोजी स्वतः अहमदनगर पोलिसांत अंमलदार होते. दंगा आणि पोलिसांना अडथळा केल्याबद्दल १८५५ मध्ये त्यांना शिक्षा झाली. सुटल्यावर चांगल्या वर्तणुकीचा जामीनही द्यावा लागला. १८५७ मध्ये त्यांनी गाव सोडले, सुमारे ५० भिल्ल जमवले आणि पुणे-नाशिक रस्ता माऱ्यात येईल अशी मोक्याची जागा धरली. हेन्री शिपाई घेऊन चालून गेले. जखमी होऊनही ते पुढे सरकत राहिले. अखेर छातीवरची जखम प्राणघातक ठरली. धाडस खरेच, पण दबा धरून बसलेल्यांवर असे थेट चालून जाणे उतावीळपणाचेही होते.

या विजयाने भिल्लांचा उठाव पसरला. सरकारने कॅप्टन नटॉल यांच्या हाताखाली कोळ्यांची पलटण उभारली. डोंगरातल्या लढाईला डोंगरातलीच माणसे लागली. भागोजी मात्र आणखी दोन वर्षे हाती लागले नाहीत. ११ नोव्हेंबर १८५९ रोजी फ्रँक साउटर यांनी त्यांना मिठसागरे येथे गाठले. तिथे भागोजी मारले गेले. हेच साउटर १८६४ मध्ये मुंबईचे पोलीस आयुक्त झाले.

मराठी वाचकाला हेन्री आज भेटतात ते बहुधा भागोजींच्या चरित्रातच, एका वाक्यापुरते. कर्तव्यावर मरण पावलेल्या पोलिसांच्या आठवणीचा पोलीस स्मृतिदिन २१ ऑक्टोबरला असतो. १९५९ मध्ये त्या दिवशी लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथे चिनी सैन्याच्या गोळीबारात १० पोलीस ठार झाले. तुकडीचे प्रमुख करमसिंग तेव्हा घोडेस्वारांसह पुढे होते. स्मृतिदिनी देशभर नावे वाचली जातात ती आदल्या वर्षभरात कर्तव्यावर मरण पावलेल्यांची. १८५७ चे हेन्री त्या यादीत बसत नाहीत.