खंजिरीचा ठोका आणि संगणकातल्या फाइली

तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) वऱ्हाडात रुजवलेल्या खंजिरी भजनाची जुनी कॅसेट संगणकात उतरवायची झाली, तर कोणत्या प्रकारची फाइल करावी?

१९८२ साली आलेल्या सीडीत ध्वनी सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेला असतो. अशा नोंदीची वेव्ह फाइल मिनिटाला सुमारे १० मेगाबाइट जागा खाते. १९९० च्या दशकातल्या घरगुती संगणकाला हे परवडणारे नव्हते. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि सहकाऱ्यांनी, कानाला जाणवत नाही तेवढा भाग गाळण्याची युक्ती विकसित केली. १९९५ मध्ये अशा फाइलींना एमपी३ हे शेपूट मिळाले. आकार दहाव्या हिश्शावर आला!

पण हे गाळणे तुकड्यातुकड्यांनी चालते आणि त्यातली चूक सबंध तुकड्यावर पसरते. लांबलेल्या सुरात ती लपते. खंजिरीचा ठोका मात्र शांततेतून एकदम उठतो. चुकीची खरखर त्याच्या आधीच ऐकू येते. संशोधकांना हाच त्रास स्पेनच्या कॅस्टानेट या वाद्याने दिला. ठोक्यापाशी तुकडे लहान करणे हा उपाय, पण फाइल फार आवळली की तोही अपुरा पडतो.

२००१ मध्ये काहीही न गाळणारी फ्लॅक आली, २००२ मध्ये पेटंटमुक्त ऑग व्हॉर्बिस. प्रत्येकीची उकल वेगळी, म्हणून एक वाजवणारा प्रोग्रॅम दुसरीपुढे मुका होतो. नुसते शेपूट बदलून उपयोग नाही. व्हीएलसीसारखा प्रोग्रॅम या साऱ्या वाजवतो, पण एमपी३ची फ्लॅक केली तरी गाळलेले परत येत नाही. तेव्हा कॅसेट आधी फ्लॅकमध्ये उतरवावी. वाटायच्या एमपी३ प्रती तिच्यावरून हव्या तेवढ्या काढता येतात.