मोबाइल ॲपच्या वेगासाठी एआय साहाय्यकाला दिलेल्या सूचनांची पारख

एआय कोडिंग साहाय्यकाकडून मोबाइल ॲप लिहून घेताना त्याला आधीच काही लेखी नियम घालून दिले जातात. त्या नियमांमुळे ॲप खरोखर जलद चालते का, हे मोजून ठरवण्याचे काम म्हणजे ही पारख. वेग येथे ॲप चालण्याचा. ते किती दिवसांत तयार झाले हा प्रश्न वेगळा. प्रस्तुत नोंदीतील उदाहरणे कर्नाटकातील बीदर आणि कलबुर्गी या सीमावर्ती जिल्ह्यांतील वापराची आहेत, कारण स्वस्त फोन, ये-जा करणारी रेंज आणि एकाहून अधिक लिप्या या अडचणी तिथे एकाच ॲपवर येऊन पडतात.

पार्श्वभूमी : गिटहब कोपायलट हा साहाय्यक २०२१ मध्ये चाचणी स्वरूपात आला तेव्हा तो एखादी ओळ किंवा फार तर एखादे फंक्शन पुरे करून देत असे. पुढे साहाय्यक अख्ख्या फाइली लिहू लागले आणि प्रत्येक वेळी तेच तेच सांगण्याचा कंटाळा आल्यामुळे नियमांची फाइल प्रकल्पातच ठेवण्याची पद्धत पडली. कर्सर, कोपायलट, क्लॉड कोड या साहाय्यकांनी अशा फाइलींना आपापली नावे दिली; २०२५ मध्ये ‘एजंट्स डॉट एमडी’ हे सामाईक नाव रूढ होऊ लागले. अशा फाइली लोक एकमेकांकडून सर्रास उचलतात. फाइल जितकी लांब तितकी भारदस्त वाटते, आणि तिथेच फसगत होते.

सीमाभागातील वापर : औराद, भालकी, बसवकल्याण हे बीदरचे तालुके आणि कलबुर्गीतील आळंद हा तालुका महाराष्ट्राला लागून आहेत. घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि बाजारात दखनी असा इथला रोजचा व्यवहार. निजामाच्या काळी सरकारी दफ्तर उर्दूत होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर ते कन्नडमध्ये आले. कर्नाटकात शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून पिकाची नोंद करण्याची सोय २०२० च्या खरिपात झाली. महाराष्ट्रात ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. दोन्हीकडे शेतात उभे राहून फोटो काढायचा आणि त्यासोबत जागेचे अक्षांश-रेखांश पाठवायचे. सीमेच्या दोन्ही अंगांना जमीन असलेल्या शेतकऱ्याच्या फोनमध्ये ही दोन्ही ॲपे असू शकतात. या प्रकारच्या ॲपसाठी लिहिलेल्या सूचना कशा तपासायच्या, एवढाच इथला विषय आहे. ती सरकारी ॲपे कशी बांधली गेली, हा नाही.

मापे : ‘ॲप फास्ट करा’ ही सूचना तपासताच येत नाही, म्हणून ती सूचनाच नव्हे. अँड्रॉइडच्या अधिकृत निकषांत बंद ॲप उघडायला ५ सेकंद किंवा अधिक लागले तर ते अति मंद धरले जाते. स्क्रीन सेकंदाला ६० वेळा रंगवायची तर एका चित्राला सुमारे १६ मिलिसेकंद मिळतात. बोट लावूनही ५ सेकंद प्रतिसाद आला नाही तर ‘ॲप प्रतिसाद देत नाही’ अशी पाटी येते. गावाकडे यालाच ‘हँग झालं’ म्हणतात. नियमाच्या शेजारी असा आकडा हवा. मोजणी रिलीज आवृत्तीवर आणि खऱ्या फोनवर करावी. लॅपटॉपवरचा एम्युलेटर आणि डीबग आवृत्ती या दोन्हींचे आकडे दिशाभूल करतात. विकासकाच्या खिशातला महागडा फोन तर या कामी मुळीच चालत नाही. दोन-तीन जीबी रॅमचा, फोटोंनी आणि व्हॉट्सॲपने भरलेला जुना फोन लागतो.

पारखीची रीत : एकच काम, एकच मॉडेल, एकदा सूचनांसह, एकदा सूचनांशिवाय. साहाय्यक दर वेळी थोडे वेगळे उत्तर देतो, म्हणून दोन्ही बाजू अनेक वेळा चालवाव्या लागतात. मग एकेक नियम वगळून पाहावे. वगळल्याने आकडा हलत नसेल तर तो नियम केवळ जागा अडवत असतो. मात्र वेगाबरोबर अचूकपणाही त्याच बैठकीत तपासावा लागतो. नुसत्या वेगाची मोजणी किती महागात पडते, हे पीकनोंदीच्या फोटोवरून दिसते.

समजा नियम असा : फोटो फोनमध्येच १२८० पिक्सेलपर्यंत लहान करा, नोंद आधी फोनमधल्या डेटाबेसमध्ये लिहा, रेंज आली की मागच्या मागे पाठवा. नियम उत्तम आहे. काही एमबींचा फोटो काहीशे केबींवर येतो आणि बांधावर उभ्या माणसाला चक्र फिरताना पाहत बसावे लागत नाही. पण फोटो लहान करताना तो नव्याने जतन होतो आणि त्याच्या पोटात दडलेली जागेची माहिती पुष्कळदा गळून पडते. ॲप झपाट्याने चालते आणि नोंद निरुपयोगी होते. म्हणून त्याच नियमात ‘अक्षांश-रेखांश वेगळे जतन करा’ हे वाक्य हवे, आणि चाचणीत फोन फ्लाइट मोडवर टाकून, फोटो काढून, ॲप बंद करून, मग रेंज देऊन सर्व्हरवर काय पोचले ते उघडून बघायला हवे.

दुसरा सापळा भाषेचा. ॲपचा आकार कमी करण्याच्या सूचनेवर साहाय्यक अँड्रॉइड ॲप बंडलचा मार्ग सुचवतो, आणि तो योग्यच आहे. परंतु बंडलमध्ये मूळ व्यवस्था अशी की, प्ले स्टोअर फोनच्या भाषेपुरताच मजकूर पाठवते. फोन इंग्रजीवर ठेवून ॲपमध्ये मराठी किंवा कन्नड निवडणारा माणूस भालकीत हमखास भेटतो. त्याला निवडलेल्या भाषेऐवजी इंग्रजीच दिसत राहते. उपाय सोपा आहे : भाषेनुसार तुकडे करणे बंद ठेवा, असे सूचनेत लिहिणे. महाराष्ट्रातल्या किंवा बंगळुरूतल्या कुणाची फाइल जशीच्या तशी उचलली तर त्यात हे वाक्य असण्याची शक्यता कमीच.

शोधाच्या चौकटीचेही तसेच. महाराष्ट्रातील सातबाऱ्याच्या तोडीचा कर्नाटकातील ‘पहाणी’ हा जमिनीचा उतारा कन्नड लिपीत असतो. शोधणारा देवनागरीत ‘पाटील’ टाइप करतो. प्रत्येक अक्षरागणिक सगळ्या यादीचे लिप्यंतर करणारा कोड दहा नावांवर झकास चालतो आणि गावाच्या यादीवर गुदमरतो. लिप्यंतर एकदाच करून फोनमधल्या डेटाबेसमध्ये सूची बांधून ठेवा, हा नियम इथे बराच वेळ वाचवतो. त्याची परीक्षा अर्थातच मोठ्या यादीवर घ्यावी.

साठवण्याच्या नियमांबाबत सावधगिरी हवी. ‘सगळे कॅश करा’ म्हटले की कलबुर्गीच्या बाजारातला तुरीचा कालचा भाव आजचा म्हणून दिसतो. भावासोबत तारीख दाखवण्याची अट नियमातच घालावी लागते.

शिळे नियम : फिरत्या फाइलींत जुने सल्ले फार असतात. रिॲक्ट नेटिव्ह या फ्रेमवर्कमध्ये कोड चालवणारे हर्मीस इंजिन सुरू करा, हा त्यातलाच एक. २०२२ च्या ०.७० आवृत्तीपासून ते आपोआप सुरू असते. एकदा काढलेले उत्तर जपून ठेवणारे ‘यूजमेमो’ जागोजागी लावण्याचा आग्रहही ऑक्टोबर २०२५ मध्ये रिॲक्ट कंपायलरची पहिली स्थिर आवृत्ती आल्यानंतर, तो कंपायलर वापरणाऱ्या प्रकल्पांत बराचसा निरर्थक ठरला. असे नियम नुकसान करतातच असे नाही, पण साहाय्यकाचे लक्ष खातात. मॉडेल किंवा फ्रेमवर्कची आवृत्ती बदलली की पारख पुन्हा करावी.

मर्यादा : साहाय्यकांच्या गाजलेल्या कसोट्या मुख्यतः कोड बरोबर चालतो की नाही एवढेच पाहतात. ‘ह्युमनइव्हल’ (२०२१) मध्ये १६४ छोटी कोडी आहेत; फोनवरच्या वेगाचा त्यांत संबंध नाही. विकासकाच्या अंदाजावर विसंबणेही धोक्याचे. ‘मेटर’ या संस्थेने २०२५ मध्ये १६ अनुभवी विकासकांची २४६ कामे मोजली. एआय वापरून त्यांना १९ टक्के अधिक वेळ लागला, तरी आपण सुमारे २० टक्के लवकर काम उरकले अशी त्यांची समजूत होती. तो प्रयोग काम उरकण्याच्या वेळेचा होता. पण ‘आता कसं मस्त पळतंय’ हे मत पुरावा म्हणून धरू नये, एवढे त्यावरून कळते.

सूचना मराठीत लिहिता येतात आणि साहाय्यकांना त्या कळतातही. मात्र देवनागरी मजकुराचे बहुतेक मॉडेलांत जास्त तुकडे (टोकन) पडतात, त्यामुळे तीच फाइल इंग्रजीपेक्षा अधिक जागा घेते. घटकांची आणि आज्ञांची नावे मूळ स्पेलिंगमध्ये ठेवून भोवतीचे वाक्य मराठीत लिहिणे सोयीचे पडते. दोन्ही भाषांतल्या फाइली वरच्याच रीतीने समोरासमोर चालवून पाहता येतात.