लावणे, मिटणे आणि बंद करणे

शिवडी-परळच्या गिरणगावात काम थांबण्याचे प्रकार निरनिराळ्या शब्दांनी ओळखले जात. पाळी संपली की गिरणी 'सुटे', धागा तुटला की साचा 'थांबे'. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लक्ष कामगार संपावर गेले आणि त्यानंतर कित्येक गिरण्या कायमच्या 'बंद' पडल्या. सुटलेली गिरणी उद्या पुन्हा चालू होणार, हे सांगावे लागत नसे. घरातही आपण दार लावतो, पुस्तक मिटतो, दिवा मालवतो आणि पसारा आवरतो.

हाच विवेक संगणकाच्या पडद्यावर हवा होता. १९८३ साली अमेरिकेत ॲपल कंपनीचा 'लिसा' संगणक बाजारात आला. त्याच्या मेनूत 'बाजूला ठेवा' आणि 'जतन करून आवरून ठेवा' अशा अर्थाच्या आज्ञा होत्या. जणू कारकून आपल्या टेबलावरील कागदांविषयीच बोलत आहे! १९८४ च्या 'मॅकिंटॉश'मध्ये समोरच्या खिडकीपुरते 'क्लोज' आणि सबंध कार्यक्रमापुरते 'क्विट' असे दोन शब्द होते. मायक्रोसॉफ्टच्या विंडोजमध्ये 'एक्झिट' रूढ झाले. पुढे 'विंडोज ९५'ने खिडकीच्या उजव्या कोपऱ्यात फुली बसविली. ती कधी एकच कागद मिटते, तर कधी सारा कार्यक्रमच संपविते.

१९९१ साली युनिकोडमध्ये देवनागरीला स्थान मिळाले आणि यथावकाश मराठी मेनू आले. नेहमीच्या शब्दांत एकवाक्यता यावी म्हणून २००८ साली 'फ्युएल' नावाचा उपक्रमही सुरू झाला. तथापि 'बंद करा' हा एकच शब्द खिडकीला, फाईलला आणि पुष्कळदा खुद्द संगणकालाही लावला गेला. इंग्रजी शब्दाला प्रतिशब्द मिळाला. कृतीकडे मात्र दुर्लक्ष झाले.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. घराचा किंवा निवृत्तिवेतनाचा अर्ज संगणकावर भरणाऱ्या वृद्ध कामगारापुढे 'बंद करा' ही अक्षरे येतात, तेव्हा तासाभराची मेहनत राहील की जाईल, हे त्याला कसे कळावे? चुकीची कळ दाबली तर सारा अर्ज पुन्हा पहिल्यापासून! 'ही खिडकी लावा', 'जतन करून फाईल मिटा', 'कार्यक्रम संपवा', 'संगणक बंद करा' असे चार निराळे शब्द वापरल्यास काय बिघडेल? आमच्या मते हे शब्द नव्याने घडविण्याचीही गरज नाही. ते आपल्या घराघरांत रोज बोलले जातात. मेनू लिहिणाऱ्यांनी ते ऐकावेत, इतकेच.