मैना नेमकी कोण?

‘माझी मैना गावावर राहिली’ या छक्कडीतील मैना कोण, असे चार मराठी माणसांना विचारले तर एकच उत्तर मिळेल याची खात्री नाही. एक सांगतो, पोटासाठी मुंबईस आलेल्या कामगाराची ती मागे राहिलेली बायको. दुसरा तितक्याच ठामपणे सांगतो, मैना म्हणजे महाराष्ट्राबाहेर ठेवले गेलेले बेळगाव आणि कारवार. तिसऱ्याच्या लेखी ती सुटलेले गाव असते. अण्णा भाऊ साठे यांच्या या एका रचनेभोवती गेली साठ-पासष्ट वर्षे ही उत्तरे नांदत आहेत. त्यांतील प्रत्येकाला एक पत्ता आहे, एक काळ आहे. गिरणगावातून सुरुवात केली तर तो उलगडतो.

आधी गाण्याची बांधणी पाहू, कारण सगळा घोळ तिच्यात आहे. पूर्वार्धात एक पुरुष आपल्या स्त्रीची आठवण काढतो. तिचे रूप, तिची चाल, तिचे दागिने, निरोपाच्या वेळची तिची अवस्था. गरिबीमुळे त्याला गाव सोडावे लागले आहे. पुढे तो मुंबईत पोहोचतो आणि गाण्याचा सूर पालटतो. उंच इमल्यांचे, काळ्या बाजाराचे, श्रीमंती आणि उपासमारीचे शहर समोर येते. शेवटी संयुक्त महाराष्ट्राचा लढा येतो, आणि आपली जी गत मैनेविना झाली तीच या तुटलेल्या महाराष्ट्राची झाली, असे तो पुरुष म्हणतो. बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव ही नावे तो स्वतःच घेतो.

म्हणजे राजकीय अर्थ कुणी समीक्षकाने मागाहून चिकटवलेला नाही. तो शब्दांतच आहे. पण शाहिराने ‘मैना म्हणजे बेळगाव’ असे कुठेही म्हटलेले नाही. त्याने दोन दुःखे शेजारी ठेवली. उपमेय कोणते आणि उपमान कोणते, हे ज्याने त्याने आपल्या परीने ठरवले.

अण्णा भाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगाव येथे झाला. वाळवा तालुक्यातील हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आज सांगलीत आहे. मांग समाजातील हे कुटुंब १९३०च्या दशकाच्या आरंभी मुंबईस निघाले, तेही पायी. मुंबईत त्यांनी मिळेल ते काम केले, गिरणीत राबले, आणि माटुंग्याच्या लेबर कॅम्पात कम्युनिस्ट चळवळीशी जोडले गेले. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. बार्शीचे अमर शेख म्हणजे मूळचे मेहबूब हुसेन पटेल. पहाडी आवाजाचा असा धनी त्या काळी दुसरा नव्हता. अण्णा भाऊंनी लिहावे आणि अमर शेखांनी गावे, ही जोडी गिरणगावाच्या पाठांतरात होती.

आता ज्यांनी हे गाणे प्रथम ऐकले त्यांच्याकडे वळू. १९५०च्या दशकात मुंबईच्या कापड गिरण्यांत दोन लाखांहून अधिक कामगार होते. त्यांतील फार मोठा वर्ग रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या जिल्ह्यांतून आलेला, आणि त्यातही एकटा आलेला. जनगणनेचे आकडे हे फार कोरडेपणाने सांगतात. १९२१ साली मुंबईत दर हजार पुरुषांमागे स्त्रिया साडेपाचशेच्या आत होत्या. १९६१ सालीही हा आकडा सातशेपर्यंत पोहोचला नव्हता. त्याच वेळी रत्नागिरी जिल्ह्यात मात्र स्त्रियांची संख्या पुरुषांहून जास्त. एकाच कुटुंबाच्या दोन तुकड्यांची ही मोजदाद होती.

लालबाग-परळच्या चाळींत एका गावच्या माणसांनी मिळून घेतलेल्या खोल्या असत. दहा बाय दहाच्या खोलीत दहा-बारा जण. पाळ्या वेगवेगळ्या, म्हणून झोपायच्या वेळाही वेगळ्या. एकाची वळकटी उचलली की दुसऱ्याची पडे. जेवण खानावळीत, महिन्याच्या हिशेबाने. गावी जाणे गणपतीला किंवा शिमग्याला, घाटावरच्यांचे जत्रेला. गिरणगावात स्त्रिया नव्हत्या असे मुळीच नाही. रिळिंग आणि वाइंडिंग खात्यांत त्या काम करीत, खानावळी तर त्याच चालवीत. पण खोलीतल्या त्या दहा-बारा जणांपैकी बहुतेकांची बायको गावी होती.

मनीऑर्डर नियमाने जाई. पत्राचे तसे नव्हते. ज्याला लिहिता येत नसे तो दुसऱ्याकडून लिहवून घेई, आणि गावी ते पत्र बहुधा तिसराच कोणी वाचून दाखवी. ज्या मजकुराला इतके साक्षीदार, त्यात पाऊस, गुरे, देणी-घेणी आणि थोरामोठ्यांना नमस्कार याखेरीज काय येणार? बायकोची आठवण येते, हे वाक्य त्या पत्रात बसत नव्हते. अशा माणसांच्या गर्दीत एक शाहीर डफावर थाप मारतो आणि ते वाक्य हजारांसमोर मोठ्याने म्हणतो. गाण्याची पहिली पकड तेथे होती.

छक्कड हा लावणीच्याच कुळातला प्रकार, तमाशाच्या फडावर वाढलेला. शृंगार हा त्याचा हक्काचा प्रांत. ‘मैना’ हे त्या परंपरेत प्रियेचे नाव, राघूच्या जोडीचे. म्हणून श्रोत्यांना हे गाणे अनोळखी वाटले नाही. ज्या शब्दांवर एरवी शिट्ट्या पडायच्या, त्याच शब्दांत येथे कुणाच्या तरी घरातली लग्नाची बायको उभी होती. अण्णा भाऊंनी तमाशाच्या साच्यात बरेच फेरफार केले, पण येथे त्यांनी साचा जवळपास जसाच्या तसा ठेवला, आणि ते शहाणपणाचे होते. अनोळखी चालीत एवढे मोठे राजकारण कुणी ऐकून घेतले नसते.

ते राजकारण काय होते? राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल १९५५च्या शरदात आला. मराठी भाषकांचे एक राज्य त्यात नव्हते. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनजवळ मोर्चावर गोळीबार झाला. १६ जानेवारी १९५६ रोजी मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली आणि गिरगावापासून परळपर्यंत शहर पेटले. आंदोलनात शंभराहून अधिक माणसे मारली गेली, आणि त्यांत कामगार मोठ्या संख्येने होते. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला द्वैभाषिक मुंबई राज्य आले, आणि बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. त्यातील चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहिला. कारवारही म्हैसूरकडेच गेले.

या काळात सभा म्हटली की शाहीर आलेच. समितीच्या व्यासपीठावर कम्युनिस्ट, प्रजा समाजवादी, शेतकरी कामगार पक्ष, शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशन असे एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष बसत. त्यांची भाषणे ऐकली तर प्रत्येकाचा महाराष्ट्र निराळा होता. गाणे मात्र सगळ्यांना चालत असे. त्यात वर्गाचे दुःख शोधणाऱ्याला ते सापडे, भाषेचे शोधणाऱ्याला तेही.

येथे मराठी भाषेतील एका क्रियापदाने मोठे काम केले आहे. ‘राहिली’ या शब्दाला दोन अंगे आहेत. माणूस गावी राहतो, म्हणजे वस्ती करतो. आणि छत्री गाडीत राहते, एखादे काम करायचे राहते, म्हणजे सुटून जाते, मागे पडते. मैना गावावर ‘राहिली’ म्हणताना दोन्ही अर्थ एकदम हलतात. ती तेथे वसलेली आहे, आणि ती न्यायची राहून गेली आहे. बायकोबद्दल पहिला अर्थ सरळ लागतो, दुसरा अपराधी भावनेने. बेळगावबद्दल तर दुसराच खरा. शीर्षकातला हा श्लेष शाहिराने जाणून साधला की बोलीने आपसूक दिला, हा काथ्याकूट निष्फळ आहे. लोकांच्या तोंडी ‘गावावर’चे ‘गावाकडे’ झाले, पण ‘राहिली’ कुणी बदलले नाही.

गिरगाव आणि लालबाग यांनी हे गाणे एकाच तऱ्हेने ऐकले असेल का? हा अंदाजाचा प्रांत आहे, पण अंदाजाला आधार आहे. गिरगाव-दादरच्या चाळींतला कारकून, शिक्षक, छापखान्यातला माणूस बहुधा कुटुंबासह राहत होता. पूर्वार्धातली मैना त्याच्या घरी पलीकडच्या खोलीत पोळ्या लाटत होती. त्याने ते वर्णन रसिकतेने ऐकले असणार आणि बेळगावचे नाव येताच तो सावरून बसला असणार. परळच्या कामगाराचा क्रम उलटा. त्याला विरह आधीच कळलेला होता. त्या विरहाच्या मापाने त्याने बेळगाव समजून घेतले. ज्याने बेळगाव कधी पाहिलेही नाही, अशा मालवणच्या किंवा कराडच्या माणसाला सीमाभागाविषयी आच वाटावी, हे नकाशाने साधले नसते. म्हणून ‘खरा’ अर्थ राजकीय आणि बायको हे केवळ रूपक, असे जे सांगितले जाते ते पटत नाही. पहिली मैना हाडामांसाची नसती तर दुसरीसाठी कुणी मुठी आवळल्या नसत्या.

१ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला, आणि गाण्याचे नशीब विचित्र झाले. लढा जिंकला गेला, पण गाण्यातली यादी तशीच राहिली. किंबहुना ती त्या दिवशी पुरी झाली. द्वैभाषिकात डांग आणि उंबरगाव निदान मुंबई राज्यात तरी होते. विभाजनानंतर डांग आणि उंबरगावचा मोठा भाग गुजरातेत गेला. महाजन आयोग १९६६ साली नेमला गेला, पुढल्या वर्षी त्याचा अहवाल आला, आणि बेळगाव शहर कर्नाटकातच राहावे असे त्याने सांगितले. महाराष्ट्राने ते मानले नाही. २००४ साली हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. तिकडे बेळगावातील मराठी भाषक १ नोव्हेंबर हा काळा दिन म्हणून पाळत आले आहेत.

अण्णा भाऊ १८ जुलै १९६९ रोजी गेले. सहा आठवड्यांत, २९ ऑगस्टला, अमर शेखही गेले. गाणे पुढच्या शाहिरांकडे आले. नायगावात वाढलेल्या विठ्ठल उमप यांच्या आवाजात ते नव्या पिढीने ऐकले. रचना लांब आहे. तिचा पूर्वार्धच गायला गेला तर ऐकणाऱ्याला ती निखळ विरहाची लावणी वाटते, आणि त्यात त्याचा दोष नाही. शाळेत संयुक्त महाराष्ट्राचा धडा चार ओळींत आटोपलेल्या मुलाला उंबरगाव कुठे आहे हे कुणी सांगितलेलेच नसते. त्याच्या मैनेचा अर्थ त्याच्या आजोबांच्या रिकाम्या घराशी, किंवा नोकरीपायी दुसऱ्या शहरात राहिलेल्या कुणाशी लागतो.

एक श्रोता मात्र या साऱ्यात कायम गैरहजर आहे, आणि तो म्हणजे खुद्द मैना. गाण्यात ती दिसते, सजते, रडते. तिचे म्हणणे पुरुषाच्या तोंडून येते. बेळगावबद्दलही सभांत बोलत ते बहुधा मुंबई-पुण्याचे पुढारी, हे साम्य बोचरे आहे. गावी राहिलेल्या स्त्रियांचे स्वतःचे शब्द शोधायचे तर जात्याकडे जावे लागते. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्या एक लाखाहून अधिक भरल्या. पहाटेच्या अंधारात, ऐकायला पुरुष नसताना, बाईने बाईला किंवा जात्याला सांगितलेले ते बोलणे. त्यात सासर आहे, माहेर आहे, भाऊ आहे, कष्ट आहेत. शाहिराने रंगवलेली नटलेली मैना तेथे शोधू नये.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. खानावळीचे पैसे थकले, खोल्यांचे भाडे थकले, आणि माणसे बोचकी घेऊन गावाकडे निघाली, काही काळापुरती म्हणून. बहुतेकांना गिरणीने परत घेतले नाही. पुढे गिरण्याही राहिल्या नाहीत. कोकणात आणि घाटावर कित्येक घरांत वीस-पंचवीस वर्षांचा संसार केलेली जोडपी तेव्हा प्रथमच सलग एका छपराखाली राहू लागली, आणि मनीऑर्डर यायची बंद झाली.