फॉरमॅट मारण्याआधी : जुनं यंत्र, नवी सिस्टीम आणि मराठी मजकूर

जुन्या कॉम्प्युटरवर नवी ऑपरेटिंग सिस्टीम टाकायची, हा आजचा विषय. बर्डीपासून इतवारीपर्यंत नागपुरातल्या कुठल्याही दुरुस्तीवाल्याकडे जा, तो म्हणतो, "फॉरमॅट मारून देतो, नव्यासारखा होऊन जाईल." होतोही. पण त्या यंत्रातल्या मराठीचं काय होतं? हा प्रश्न आज आम्ही इतिहासाच्या अंगानं मांडणार आहोत.

सुरुवात करू १९८०च्या दशकापासून. तेव्हाचा पीसी डॉसवर चालायचा आणि डॉसला देवनागरी कळत नव्हती. यावर कानपूरच्या आयआयटीत मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिस्ट हे तंत्र उभं केलं. १९८८मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झाली आणि हे काम तिकडे गेलं. जिस्ट कार्ड हे मदरबोर्डवरच्या खाचेत बसवायचं. पडद्यावर देवनागरी उमटायची ती या कार्डामुळे. मजकूर साठवला जायचा इस्की पद्धतीनं. १९९१ साली ती भारतीय मानक झाली. तिच्यात अक्षरं उच्चाराच्या क्रमानं असतात : 'कि' म्हणजे आधी क, मग वेलांटी. हा क्रम लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मग विंडोज आली. १९९५ची विंडोज तेरा फ्लॉप्यांवर मिळायची आणि चार एमबी मेमरीच्या ३८६ यंत्रावरही, रडतखडत का होईना, चालायची. मराठी मात्र तिलाही येत नव्हती. तेव्हा फॉन्टवाल्यांनी एक युक्ती केली. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवले : इथे काना, तिथे अर्धा त, पलीकडे रफार. फाइलमध्ये साठायचे ते इंग्रजी अक्षरांचेच आकडे, फॉन्ट त्यांना मराठी रूप द्यायचा. त्यात प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. एकीच्या फॉन्टमधला मजकूर दुसरीच्या फॉन्टमध्ये उघडला की नुसता गोंधळ. फॉन्ट काढून घेतला, तर उरतो इंग्रजी अक्षरांचा कचरा.

याच काळात छापखान्यांतले खिळे गेले आणि डीटीपी आलं. पेजमेकर आणि असा एखादा मराठी फॉन्ट, एवढ्यावर लग्नपत्रिका, स्मरणिका, दिवाळी अंक निघू लागले. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर पुस्तकांचे जे स्टॉल लागतात, तिथल्या छोट्या प्रकाशकांच्या पुस्तिका डोळ्यांपुढे आणा. मोठ्या प्रकाशनसंस्थांच्या सूचीत नसलेलं कितीतरी लेखन अशा पुस्तिकांतून लोकांपर्यंत पोचलं आहे. छापलेल्या प्रती संपल्या की पुन्हा छापायला हाताशी राहते ती त्या डीटीपीवाल्याची फाइल.

आता २००० सालाकडे या. विंडोज २०००मध्ये युनिकोड देवनागरी आली, सोबत मंगल हा फॉन्ट आला. प्रत्येक अक्षराला स्वतःचा आकडा मिळाला, फॉन्ट कुठलाही असो. पुढच्या वर्षी एक्सपी आली. तिच्यात भारतीय लिप्यांसाठी एका चौकटीत टिक करावी लागे आणि त्यासाठी सीडी पुन्हा घालावी लागे. ती टिक राहिली, की जोडाक्षरं मोडायची, वेलांट्या भलतीकडे जायच्या. लोक म्हणायचे, "या कॉम्प्युटरवर मराठी चालत नाही." यंत्राचा काही दोष नसायचा.

पण छपाईचं काम युनिकोडवर लगेच गेलं नाही. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ची, तिला युनिकोड येत नव्हतं. काही मराठी सॉफ्टवेअरना पॅरलल पोर्टला लावायचं कुलूप लागायचं आणि नव्या यंत्रांतून तो पोर्टच गेला. म्हणून ८ एप्रिल २०१४ला एक्सपीचा आधार संपल्यावरही कोपऱ्यातलं जुनं यंत्र तसंच ठेवणारे डीटीपीवाले होते. बाहेरच्याला तो हट्ट वाटायचा. त्यांच्या दृष्टीनं ते यंत्र म्हणजे त्या फाइलींची किल्ली होती.

आज हाच प्रसंग पुन्हा आलाय. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, त्यामुळे धडधाकट यंत्रंही बाद ठरतात. त्यांवर लिनक्स टाकणं हा चांगला मार्ग आहे. लिनक्समध्ये मराठी नीट दिसते, लोहित देवनागरीसारखे फॉन्ट फुकट मिळतात. बत्तीस बिटांच्या यंत्रांचं मात्र कठीण होत चाललंय. २०२५च्या डेबियन १३नं त्यांच्यासाठी इन्स्टॉलर देणं बंद केलं.

तेव्हा आमचं म्हणणं इतकंच : यंत्र वाचवायच्या घाईत मजकूर जाऊ देऊ नका. फॉरमॅट मारण्याआधी फाइली आणि त्यांचे फॉन्ट, दोन्ही बाहेर काढा. नुसत्या फाइली काढून भागत नाही. जुनी सिस्टीम चालू आहे तोवर प्रत्येक फाइलची पीडीएफ करा, म्हणजे पान कसं दिसत होतं याचा पुरावा राहील. मग युनिकोडमध्ये रूपांतर करा आणि त्या पीडीएफशी ताडून पाहा. कारण जुन्या फॉन्टमध्ये 'कि'ची वेलांटी कच्या आधी साठवलेली असते, 'सर्व'मधला रफार वच्या नंतर. युनिकोडचा क्रम इस्कीसारखाच, उच्चाराचा. हा क्रम फिरवताना रूपांतर करणारं सॉफ्टवेअर चुकतं, आणि चूक सापडते ती मराठी वाचणाऱ्या माणसालाच.

एवढं झालं, की खुशाल फॉरमॅट मारा. आता तुमचे प्रश्न घेऊ.