शेल जाकीट, हलके

पाऊस, बर्फ आणि वारा अडवण्यासाठी इतर सर्व कपड्यांवरून घालायचे पातळ, बिनअस्तराचे, टोपीचे जाकीट. शेल म्हणजे कवच. हिवाळी गिर्यारोहण, बर्फातली पदभ्रमंती आणि स्कीइंग यांत हा सर्वांत बाहेरचा थर. हलक्या प्रकाराचे वजन साधारण २०० ते ३५० ग्रॅम असते आणि घडी करून ते पिशवीच्या कोपऱ्यात मावते. दुकानांत रेनकोट, विंडचीटर आणि शेल ही तिन्ही नावे एकाच खुंटीला टांगलेली दिसतात, पण वस्तू निराळ्या आहेत. विंडचीटर वारा अडवतो, मुसळधार पाऊस नाही. साधा रेनकोट पाऊस अडवतो, पण घामही आत कोंडतो. पाणी आत येऊ न देता घामाची वाफ बाहेर जाऊ देणे, हा शेलचा दावा.

हा दावा कुठे खरा ठरतो आणि कुठे फसतो, हे कळायला बुलढाणा जिल्ह्याचे दोन ऋतू पुरतात, जरी इथे बर्फ पडत नाही. शेलच्या कापडात अतिसूक्ष्म छिद्रांचे पटल असते. त्यातून वाफ बाहेर पडते ती आतल्या आणि बाहेरच्या बाष्पदाबातील फरकाच्या जोरावर. जळगाव जामोद तालुक्यातला सातपुड्याचा मैलगड भर पावसाळ्यात चढताना बाहेरची हवा आधीच ओलीचिंब असते. फरक फारसा उरत नाही आणि महागडे जाकीट घातलेला माणूसही आतून भिजतो. जाकीट गळते अशी तक्रार तेव्हा होते, पण बहुतेकदा ते पाणी घामाचेच असते. डिसेंबर-जानेवारीत अजिंठा डोंगररांगेवरच्या बुलढाणा शहरात पहाटे निघा : हवा कोरडी, गार; तेच जाकीट आता नीट चालते. हिमालयातला हिवाळा त्याला मानवतो तो याच कारणाने.

त्यालाही मर्यादा आहे. कडाक्याच्या थंडीत वाफ बाहेर पोहोचण्याआधीच जाकिटाच्या आतल्या बाजूला गोठते आणि अंगावर पांढरा चुरा झडू लागतो. म्हणून चढणीवर काखेतल्या झिपा उघड्या ठेवणे कोणत्याही पटलापेक्षा जास्त उपयोगी पडते.

शेलला स्वतःची ऊब जवळजवळ नसते. मेंढपाळाचे घोंगडे याच्या उलट : लोकर वजनाच्या सुमारे ३० टक्के ओलावा शोषूनही फारशी ओली वाटत नाही आणि ऊब टिकवते, मात्र पुरते भिजले की ते उचलवत नाही. शेलचे मुख्य काम आतल्या लोकरीची किंवा पिसांची ऊब वाऱ्यापासून राखणे हे आहे. उणे १० अंश तापमानात ताशी ४० किलोमीटरचा वारा असेल, तर उघड्या त्वचेला उणे २१ अंशांइतकी थंडी जाणवते. कोरडे हिम झटकले की पडते. शेलची खरी परीक्षा शून्य अंशाच्या आसपासच्या ओल्या बर्फात आणि पिशवीच्या पट्ट्याखाली होते. पातळ कापड बर्फकुऱ्हाडीने किंवा स्कीच्या धारेने सहज फाटते, म्हणून नेहमी स्कीइंग करणाऱ्यांनी हलकेपणाचा हट्ट धरू नये. एव्हरेस्टच्या वरच्या टप्प्यांवर तर मुख्य पोशाख जाड पिसांचा असतो. त्या उंचीवर पाऊस पडत नाही.

पाणी अडवणाऱ्या कापडांत चार्ल्स मॅकिन्टॉशचे रबरी कापड १८२३ चे. पुढे कापसाची पाळी आली. दुसऱ्या महायुद्धात मँचेस्टरला व्हेंटाइल हे कापड तयार झाले. लांब धाग्याच्या कापसाची घट्ट वीण, भिजली की धागे फुगून फटी बुजतात. खामगावची बाजारपेठ कापसासाठी नावाजलेली, पण तेव्हाचा वऱ्हाडी कापूस आखूड धाग्याचा. या कापडासाठी तो चालला नसता. आजच्या शेलचे मूळ १९६९ सालचे. अमेरिकेत बॉब गोर याने टेफ्लॉन झटक्यात ताणून छिद्रांचे पटल मिळवले. त्या पटलाची जाकिटे १९७६ पासून विकली जाऊ लागली.

बाहेरच्या कापडावर पाणी झटकणारा लेप असतो. तो झिजला की कापड पाणी पिते, जड होते आणि वाफेची वाट बंद होते. पटल मात्र शाबूत असते. पाण्याचे थेंब मोत्यांसारखे ओघळेनासे झाले, की सौम्य साबणाने धुऊन, भरपूर खळबळून, लेबलवर परवानगी असल्यास मंद आचेवर ड्रायरमध्ये वाळवावे. कापड मऊ करणारे द्रव वापरू नये.